माघारीची मुभा, धावण्याचीही मुभा: गरोदर धावपटूंसाठी मुलुंडच्या महिलांचे मागणीपत्र

प्रति,
१) मुंबई महानगर आणि महाराष्ट्रातील लांब पल्ल्याच्या शर्यतींचे आयोजक
२) सहायक आयुक्त, टी विभाग, बृहन्मुंबई महानगरपालिका, मुलुंड
३) स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटना
४) मुलुंड, भांडुप, ठाणे परिसरातील रनिंग ग्रुपचे प्रशिक्षक

विषय: गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर लांब पल्ल्याचे धावणे चालू ठेवावे, कमी करावे की थांबवावे, हा निर्णय स्त्रीला डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि नुकसान न सोसता घेता यावा, याबाबत.

महोदय, महोदया,

आम्ही मुलुंड पूर्व आणि पश्चिमेला राहणाऱ्या, नेमाने धावणाऱ्या महिला आहोत. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवते, कुणी घर सांभाळते. उजाडायच्या आत ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या सर्व्हिस रोडवर, योगी हिलच्या चढावर नाहीतर संभाजी मैदानाशी आमची गाठ पडते. रविवारचा लाँग रन ऐरोली पुलाच्या दिशेने जातो. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, २०१२ मध्ये फक्त महिलांसाठी असलेली पिंकेथॉन पहिल्यांदा मुंबईतच भरली आणि उपनगरांतल्या बायका बूट घालून रस्त्यावर दिसू लागल्या. त्यांतल्या पुष्कळ जणी पंचविशी ते चाळिशीतल्या. ज्या वयात हाफ मॅरेथॉनची, फुल मॅरेथॉनची तयारी होते, त्याच वयात घरात पाळणा हलतो. म्हणून ‘दिवस गेलेत, आता धावायचं की थांबायचं?’ हा प्रश्न प्रत्येक ग्रुपमध्ये आज ना उद्या येतोच. त्याचे उत्तर प्रत्येकीने एकटीने, चोरून आणि घाबरत शोधावे, ही स्थिती बदलावी यासाठी हे मागणीपत्र आहे.

अडचण नेमकी कुठे आहे

मोठ्या शर्यतीची नोंदणी बरेच महिने आधी होते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते आणि नोंदणी साधारण ऑगस्टच्या सुमारास उघडते. ऑगस्टमध्ये नाव घातलेल्या बाईला ऑक्टोबरात कळते की आपल्याला दिवस राहिलेत. शर्यतीच्या दिवशी तिला चौथा-पाचवा महिना असणार. तोवर फी भरून झालेली असते आणि बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) दुसऱ्याला देता येत नाही. फुलसाठी आधीच्या शर्यतीतले टायमिंग दाखवावे लागते, ते तर ठरावीक मुदतीतच ग्राह्य धरतात. म्हणजे या वर्षी थांबले की बाळंतपण उरकून परत येईपर्यंत ते टायमिंगही बाद.

अशा वेळी तिच्या मनात हिशेब सुरू होतो. पैसे गेले, जागा गेली, अनेक महिन्यांची मेहनत गेली. त्यापेक्षा हळूहळू करून टाकू, कुणाला सांगायलाच नको. पोट दिसत नाही तोवर हे जमते. मग डॉक्टरांना ठाऊक नाही, प्रशिक्षकाला ठाऊक नाही आणि मार्गावरच्या वैद्यकीय पथकालाही ठाऊक नाही, अशा अवस्थेत ती एकवीस किलोमीटरच्या रांगेत उभी राहते. माघार महाग असली की चुकीचा निर्णय स्वस्त वाटतो, हे आमच्या म्हणण्याचे सार आहे. गरोदर धावपटूची सुरक्षितता बंदीने वाढत नाही. कोणत्याही क्षणी, काहीही न गमावता थांबता आले की ती वाढते.

उलट बाजूही आहे. जी निरोगी आहे, जिला धावायची वर्षानुवर्षांची सवय आहे आणि डॉक्टरांची ना नाही, तिलाही चारचौघांत धावताना ऐकून घ्यावे लागते. सातव्या महिन्यात लोकलचा जिना चढून, गर्दीत उभी राहून सीएसएमटीला कामावर जाणारीला कुणी हटकत नाही. सोसायटीचे मजले झाडणाऱ्या पोटुश्या बाईलाही कुणी ‘जपून गं’ म्हणत नाही, आणि ऊसतोडीच्या फडात दिवस भरत आलेली बाई मोळी उचलते तेव्हा तर नाहीच नाही. पोटासाठी केलेले कष्ट चालतात, स्वतःच्या आवडीसाठी केलेली मेहनत तेवढी खुपते. काळजीच्या आड लपलेला हा भेद आम्हाला मान्य नाही. घरच्यांच्या भीतीची मात्र आम्ही चेष्टा करत नाही. ती भीती मायेतून येते, आणि तिला उत्तर द्यायचे तर नीट माहितीच द्यावी लागेल.

वैद्यकशास्त्र काय सांगते

अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये गर्भवतींसाठी नियम घातला होता: नाडीचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत आणि दमवणारा व्यायाम सलग १५ मिनिटांहून जास्त नको. पुरावा तोकडा असल्याने १९९४ मध्ये ही मर्यादा त्याच संघटनेने काढून टाकली. २०२० च्या तिच्या मार्गदर्शनानुसार, गर्भारपण सुरळीत असेल आणि बाईला आधीपासून जोरकस व्यायामाची सवय असेल, तर ती तो चालू ठेवू शकते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये गर्भवतींना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आणि सवय असलेल्यांना जोरकस व्यायाम चालू ठेवायला हरकत नसल्याचे नोंदवले. मागे घेतलेला १४० चा आकडा मात्र अजूनही जिममध्ये आणि घराघरांत ऐकू येतो.

ब्रिटनमध्ये ‘पार्करन’ या पाच किलोमीटरच्या हौशी धावण्याला जाणाऱ्या १२९३ महिलांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणात धावत राहिलेल्या आणि थांबलेल्या बायकांच्या प्रसूतीच्या वेळेत किंवा बाळाच्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. धावत राहिलेल्यांमध्ये चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून झालेल्या प्रसूती मात्र काहीशा अधिक होत्या. हा अभ्यास पाच किलोमीटर हौसेने धावणाऱ्यांचा आहे. फुल मॅरेथॉन पळणाऱ्या गर्भवतींविषयीचा पुरावा आजही विरळ आहे, त्यामुळे पाचाचे उत्तर बेचाळीसला लावून कुणी मोकळे होऊ नये. २०१२ मध्ये सहा ऑलिंपिक दर्जाच्या गर्भवती खेळाडूंची तपासणी झाली. कमाल नाडीवेगाच्या ९० टक्क्यांवर मेहनत गेली आणि गर्भाशयाचा रक्तपुरवठा निम्म्याखाली आला, तेव्हा बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले. व्यायाम थांबताच ते पूर्ववत झाले. धावण्याचा वेग कुठे आवरायचा याचा अंदाज यातून येतो.

नावाजलेल्या खेळाडूंच्या गोष्टीही नीट वाचायला हव्यात. अलिसिया मोंटानो २०१४ मध्ये ३४ आठवड्यांची गरोदर असताना अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत ८०० मीटर धावली. तिची सर्वोत्तम वेळ होती १ मिनिट ५७ सेकंद; त्या दिवशी तिने घेतली २ मिनिटे ३२ सेकंद. छायाचित्र जगभर गेले, पण तिने पेस (धावण्याचा वेग) किती खाली आणला होता हे फार थोड्यांनी पाहिले. २०११ मध्ये ३९ व्या आठवड्यात शिकागो मॅरेथॉन पूर्ण करून काही तासांत बाळंत झालेली धावपटूही डॉक्टरांच्या सांगण्यावरून निम्मे अंतर चालली होती आणि तिला सहा तासांहून जास्त वेळ लागला. या बायका कुणासाठी नमुना नाहीत. त्यांनी डॉक्टरांशी बोलून, शरीराचे ऐकून आपापला निर्णय घेतला, एवढेच त्यांच्याकडून घ्यावे.

आपल्याकडचे वास्तव

परदेशातला हा सल्ला जसाच्या तसा मुलुंडला लागू पडणार नाही. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण रक्ताचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातल्या ५२.२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर तो रक्तक्षय धरतात आणि तीव्र रक्तक्षयात जोरकस व्यायाम वर्ज्य आहे. टायमिंग चांगले आहे म्हणून रक्तही चांगले असेल असे नाही. हिमोग्लोबिनचा आकडा हाती आल्याशिवाय लाँग रनचा विचारही नको.

दुसरे कारण हवेचे. २०१८ च्या एका आढाव्यानुसार २५ अंश तापमान आणि ४५ टक्के आर्द्रतेत ३५ मिनिटांपर्यंतच्या जोरकस व्यायामाने गर्भवतीच्या शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीवर जात नाही. मुंबईत पहाटेची आर्द्रता बहुतेक दिवस याच्या कितीतरी वर असते, शिवाय हाफ मॅरेथॉन ३५ मिनिटांत संपत नाही. पहिल्या तिमाहीत शरीराचे तापमान फार चढले तर गर्भाच्या मज्जासंस्थेला धोका पोचू शकतो. हिवाळ्यात हवेतल्या धुळीची भर पडते ती वेगळीच.

तिसरे कारण दोषारोपाचे. पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांमागे गर्भातल्या गुणसूत्रांचे दोष असतात आणि आईच्या हातून काही घडल्यामुळे ते होत नाहीत. तरीही धावणाऱ्या बाईच्या बाबतीत असे झाले की ‘धावलीस म्हणून गेलं’ हे वाक्य तिला आयुष्यभर पुरते. त्या धास्तीने काही जणी आवडते काम सोडतात आणि काही जणी ते लपवून करतात. दोन्ही वाटा वाईट आहेत.

या सगळ्यामुळे ‘धावा’ किंवा ‘धावू नका’ असे सरसकट उत्तर आम्ही देत नाही आणि कुणी देऊही नये. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात प्रसूतीपूर्वीच्या ठरावीक काळात, गर्भवतीने विनंती केली तर तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहायचे काम देता येणार नाही, अशी तरतूद केली गेली. विनंती करायची की नाही हे कायद्याने तिच्यावर सोपवले. कामाच्या ठिकाणी तिचा शब्द चालतो, तर मैदानावरही चालला पाहिजे.

आमच्या मागण्या

आयोजकांकडे

१. जागा पुढे ढकलण्याची लेखी सोय. नोंदणीनंतर गरोदर राहिलेल्या किंवा गेल्या वर्षभरात बाळंत झालेल्या धावपटूला पुढच्या तीन वर्षांतल्या कोणत्याही एका शर्यतीत, त्याच अंतरासाठी, जादा फी न घेता जागा मिळावी. लंडन मॅरेथॉनमध्ये अशी तीन वर्षांची सोय आहे आणि बोस्टननेही २०२३ पासून जागा पुढे ढकलण्याची मुभा सुरू केली. बिब घेण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत हा अर्ज करता यावा. नोंदणीकृत डॉक्टरचे साधे पत्र पुरेसे धरावे.

२. गर्भपात झालेल्या धावपटूलाही हीच सोय असावी, आणि त्यासाठी तिच्याकडे वेगळे कागद मागू नयेत. ज्या पत्रावरून ती गरोदर असल्याचे सिद्ध झाले, तेच पुरावा मानावे.

३. पात्रतेसाठी लागणाऱ्या टायमिंगची मुदत गरोदरपण आणि त्यानंतरचे एक वर्ष धरून वाढवावी.

४. अंतर कमी करण्याची मुभा. फुलमधून हाफला, हाफमधून दहा किलोमीटरला उतरायची परवानगी शर्यतीच्या आठवड्यातही असावी. पुष्कळ जणींना पूर्ण माघार नको असते, फक्त आवाक्यातले अंतर हवे असते.

५. बंदी नको, गुप्तता हवी. गरोदरपणाची माहिती देणे ऐच्छिक असावे आणि ती फक्त वैद्यकीय पथकापर्यंत पोचावी. माइकवरून ‘आपल्यात एक होणारी आई धावते आहे’ अशी घोषणा किंवा संमतीशिवाय छायाचित्राची जाहिरात करू नये. टाळ्यांच्या भरात थांबायची वेळ टळून जाते.

६. मार्गावर थांबण्याची सोय. मार्ग सोडण्याची ठिकाणे आधी नकाशात दाखवावीत आणि तिथून परतीचे वाहन असावे. दोन-अडीच किलोमीटरवर महिलांसाठी स्वच्छ शौचालय असावे. रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना जवळचे प्रसूतिगृह माहीत असावे. सुरुवातीच्या रेटारेटीत पोटाला धक्का लागू नये म्हणून रांगेच्या कडेने निघण्याची मुभा असावी. बाळंत झालेल्यांसाठी बिब वाटपाच्या आणि सुरुवातीच्या ठिकाणी दूध पाजण्यासाठी आडोशाची खोली असावी.

प्रसूतितज्ज्ञांकडे

७. पहिल्या तपासणीत ‘तुम्ही धावता का, आठवड्याला किती?’ हा प्रश्न विचारावा. विचारले नाही तर ती सांगणार नाही. ‘सगळं बंद’ किंवा ‘काही होत नाही’ या दोन टोकांऐवजी तिच्या सोनोग्राफी, बीपी, हिमोग्लोबिन आणि साखरेच्या तपासण्या पाहून सल्ला द्यावा आणि प्रत्येक तिमाहीत तो पुन्हा तपासावा.

८. मराठीत एक पानी पत्रक काढावे आणि ते महापालिकेच्या रुग्णालयांत, प्रसूतिगृहांत व खासगी दवाखान्यांत ठेवावे. सोप्या शब्दांत त्यात तीन गोष्टी असाव्यात. एक, कुणी धावूच नये: गंभीर हृदयविकार वा फुप्फुसाचा आजार, गर्भाशयाच्या मुखाला टाका घातलेला, सव्वीस आठवड्यांनंतरही वार खाली असलेली, अंगावरून रक्त जाणारी, मुदतीआधी कळा आलेली, पाणी गेलेली, बीपी वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झालेली, तीव्र रक्तक्षय असलेली, जुळी असून लवकर प्रसूतीचा धोका असलेली. दोन, धावताना लगेच कधी थांबावे: रक्त किंवा पाणी जाणे, पोटात नियमित कळा, चक्कर, छातीत दुखणे, डोके ठणकणे, तोल जाणे, पोटरी सुजणे वा दुखणे, सुरू करण्याआधीच धाप लागणे. तीन, पेस कसा ओळखावा: धावताना दोन वाक्ये नीट बोलता आली पाहिजेत, श्वास तुटत असेल तर चालायला लागावे.

९. बाळंतपणानंतरचा सल्लाही लेखी मिळावा. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण ‘मोकळी’ झाली असे मानतात. पण धावण्याच्या धक्क्यांना ओटीपोटाचे स्नायू इतक्यात तयार नसतात. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टनी दिलेल्या मार्गदर्शनानुसार किमान तीन महिन्यांआधी धावायला सुरुवात करू नये. सिझेरियन झालेलीला, लघवी रोखता न येणारीला किंवा खाली जडपणा जाणवणारीला आणखी वेळ आणि तपासणी लागते. महापालिका रुग्णालयांत ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपीची सोय असावी.

प्रशिक्षकांकडे

१०. दिवस गेल्याचे सांगणाऱ्या बाईला ग्रुपमधून गाळू नये आणि इतरांसमोर उदाहरण म्हणून उभेही करू नये. तिचा आराखडा वेगळा करावा: इंटरव्हल आणि चढाचा सराव कमी, वेळ धरून धावणे, मधे चालणे, पाणी जास्त. पोट वाढले की तोल बदलतो, म्हणून योगी हिलसारख्या उताराऐवजी सपाट रस्ता निवडावा. ग्रुपच्या लाँग रनमध्ये ती एकटी मागे पडणार नाही यासाठी सोबत ठरवून द्यावी.

टी विभागाकडे

११. मुलुंड पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे दोन सपाट, उजेड असलेले, अंतर आखलेले छोटे लूप तयार करावेत. हायवेने पाच किलोमीटर पुढे गेले की परतीचे पाच उरतातच. मधेच पोट दुखले तर त्या पहाटे रिक्षाही मिळत नाही. लहान लूपवर प्रत्येक फेरीला बाहेर पडता येते, म्हणून गरोदर बाईला तोच सुरक्षित आहे. चालणाऱ्या गर्भवती, ज्येष्ठ आणि मुलांनाही त्याचा उपयोग होईल.

१२. या लूपजवळची शौचालये पहाटे पाचपासून खुली असावीत, पिण्याचे पाणी आणि बाकडी असावीत, पदपथ सपाट असावेत. हवेच्या गुणवत्तेचा आकडा तिथे दिसावा, म्हणजे खराब हवेच्या दिवशी घरीच व्यायाम करायचा निर्णय बाईला घेता येईल.

आम्ही स्वतः काय करू

मागणाऱ्यांनी आपल्या बाजूनेही बांधून घ्यावे, असे आम्हाला वाटते. आमच्या ग्रुपमध्ये नव्याने धावायला येणाऱ्या बाईला गरोदरपणात लांब पल्ला सुरू करायला आम्ही सांगणार नाही. तिच्यासाठी चालणे आणि डॉक्टरांनी सांगितलेला हलका व्यायामच योग्य. डॉक्टरांशी बोलणे झाल्याशिवाय गरोदर सदस्येचा लाँग रन आखणार नाही. कुणी थांबली तर ‘अमकी नवव्या महिन्यापर्यंत धावली’ असे तिला ऐकवणार नाही आणि कुणी धावत राहिली तर तिच्यावर हौशी शेरे मारणार नाही. गर्भपात झालेल्या मैत्रिणीला कारणे विचारणार नाही. वरच्या पत्रकासाठी मराठी मजकूर तपासायला, लूपच्या जागा पाहायला आणि शर्यतीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून उभे राहायला आम्ही तयार आहोत.

आम्ही काय मागत नाही

कटऑफच्या वेळेत सवलत, वेगळे पदक किंवा ‘होणाऱ्या मातांचा’ खास गट आम्हाला नको. सवलतीच्या वेळेपेक्षा सन्मानाने थांबता येणे महत्त्वाचे, आणि खास गट आला की प्रायोजक येतील, कॅमेरे येतील आणि थांबणे पुन्हा अवघड होऊन बसेल. गरोदर बाईने मॅरेथॉन धावावीच असा प्रचार आम्ही करत नाही. धावण्याचा आग्रह हीसुद्धा सक्तीच.

ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन धावायला १९८४ पर्यंत थांबावे लागले. इतके अंतर बायकांच्या शरीराला झेपणार नाही, असे त्याआधी त्यांच्या वतीने इतरांनीच ठरवून टाकले होते. गरोदर धावपटूच्या बाबतीत तसे पुन्हा होऊ नये, आणि तिला माहितीविना, सोयीविना एकटी सोडून ‘तुझं तू बघ’ असेही कुणी म्हणू नये.

मागणी क्रमांक १ ते ५ ला खर्च जवळपास नाही. नियमावलीत काही ओळी घातल्या की झाले. म्हणून आयोजकांनी पुढच्या हंगामाची नोंदणी उघडण्यापूर्वी या पाच मागण्यांवर लेखी उत्तर द्यावे आणि ते नियमावलीत छापावे. मागणी ६ साठी मार्गाची आखणी होण्याआधी आमच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवावे. टी विभागाने लूपच्या जागांची संयुक्त पाहणी पावसाळ्यानंतर लगेच ठेवावी. प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी पत्रकाचा मसुदा करण्यासाठी एक बैठक द्यावी. जागा आणि चहापाणी मुलुंडमध्ये आम्ही पाहू.

कळावे,

आपल्या,
मुलुंड परिसरातील धावणाऱ्या महिलांच्या संघटनेच्या कार्यकारिणी सदस्या
मुलुंड, मुंबई